सीन कुणाचा, सिनेमा कुणाचा?

गेल्या वेळी दिग्दर्शकाच्या कामाबद्दल प्रश्न मागवले होते. बरेचसे प्रश्न ‘मला दिग्दर्शक व्हायचंय, काय करू?’ याच धर्तीचे होते. त्या सगळ्यांना शेवटी एकच उत्तर दिलं आहे.

कॅमेरा छायालेखक सांभाळतो, संवाद लेखक लिहितो, अभिनय नट करतात, तुकडे संकलक जोडतो. मग ‘ॲक्शन’ आणि ‘कट’ म्हणण्यापलीकडे दिग्दर्शक करतो तरी काय? (निवृत्त शिक्षक, सांगली)

गुरुजी, मी तिसरा सहायक दिग्दर्शक असताना माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. तिला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, आता प्रयत्न करतो.

आधी एक गोष्ट. ‘ॲक्शन’सुद्धा बऱ्याच सेटवर पहिला सहायकच ओरडतो. दिग्दर्शकाचा दिवस जातो तो उत्तरं देण्यात. सकाळी सातला सेटवर पाऊल ठेवलं की वेशभूषावाली विचारते, साडी इस्त्रीची की चुरगळलेली? कलादिग्दर्शकाचा माणूस विचारतो, भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या महिन्याचं? मेकअपदादा विचारतात, कुंकू ताजं की फिस्कटलेलं? साउंडवाल्याला हवं असतं, शेजारच्या कुकरची शिट्टी चालेल की थांबायचं? एकेक प्रश्न किरकोळ, पण सगळी उत्तरं एकाच गोष्टीशी जुळली पाहिजेत. ती गोष्ट म्हणजे, हा सीन कुणाचा आहे?

उदाहरण घ्या. मुलगी सहा वर्षांनी रात्री घरी आली आहे. आई दार उघडते आणि एवढंच विचारते, “जेवलीस का?” लेखकाचं काम इथे संपलं. आता सीन आईचा असेल तर कॅमेरा स्वयंपाकघरात हवा. ओटा पुसता पुसता तिच्याबरोबर आपणही कडी वाजलेली ऐकू, आणि दारातली मुलगी आधी नुसती आकृती दिसेल. सीन मुलीचा असेल तर आपण बाहेर जिन्यावर उभे. दारावर पाटी तीच आहे, पण वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लागलं आहे, आणि तिला ते आत्ता कळतंय. तिसरी शक्यता, सीन आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेतलेल्या धाकट्या भावाचा आहे. मग दोघींचे चेहरे दाखवायचेच नाहीत. नुसते आवाज, आणि दाराच्या फटीतून येणारा उजेड.

संवाद तोच, नट तेच, घर तेच. तरी हे तीन वेगळे सिनेमे झाले. एकदा हे ठरलं की छायालेखकाला दिवा कुठे लावायचा ते कळतं आणि संकलकाला कुणाच्या चेहऱ्यावर थांबायचं ते. नटीला मी “इथे रडा” असं कधी सांगत नाही. सांगितलं तर ती रडेल, आणि ते रडणं रडल्यासारखं दिसेल. त्यापेक्षा “विचारून झाल्यावर तुम्हाला आठवतं की भात संपलाय” असं सांगावं. मग चेहऱ्याचं चेहरा बघून घेतो.

दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी जवळपास सगळंच स्वतः केलं, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून युनिटच्या जेवणापर्यंत राबल्या. तरी कॅमेऱ्याचं हँडल त्र्यंबक तेलंगांच्या हाती होतं. तारामतीसाठी बाई मिळेना तेव्हा अण्णा साळुंके या पुरुषाला साडी नेसवायची, हे मात्र फाळक्यांनाच ठरवावं लागलं.

चित्रपटाचा मालक कोण, निर्माता की दिग्दर्शक? (वकिलीची विद्यार्थिनी, नाशिक)

कायद्याने निर्माता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याचंच नाव आहे. पोस्टरवर ‘अमुक यांचा चित्रपट’ असं कितीही मोठं छापलं तरी कायदा ते वाचत नाही. 2010 च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही कर्ता मानायचा प्रस्ताव होता. 2012 मध्ये कायदा मंजूर झाला तोवर तो गळून पडला होता. गीतकार, संगीतकार, लेखक यांच्या रॉयल्टीच्या हक्काला त्याच दुरुस्तीने बळ दिलं, दिग्दर्शक होता तिथेच राहिला. मला हे आजही खुपतं.

त्यामुळे जे मिळवायचं ते करारात मिळवायचं. शेवटचं संकलन कुणाच्या संमतीने, मानधनाचे हप्ते कोणत्या टप्प्यावर, रिमेक झाला तर काय, आणि मध्येच दुसरा माणूस आणला तर श्रेय कुणाला. पटकथा तुमचीच असेल तर तिचा करार वेगळा करा, दिग्दर्शनाच्या मानधनात ती गुंडाळू देऊ नका. माझ्या एका मित्राने निर्मात्याशी ‘आपण घरचेच’ म्हणत तोंडी व्यवहार केला. पुढे चित्रपटाचा शेवट त्याला न विचारता बदलला गेला, आणि तो त्याने पाहिला थेट थिएटरात, तिकीट काढून.

माझी नऊ वर्षांची मुलगी एका चित्रपटासाठी निवडली गेली आहे. दिग्दर्शक म्हणतात, “काळजी करू नका, आम्ही घरच्यासारखंच सांभाळतो.” मी काय काय विचारून घेऊ? (लातूर)

ताई, ‘घरच्यासारखं’ हा शब्द बाजूला ठेवा आणि कागद मागा. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या सुधारित नियमांप्रमाणे मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. सलग 27 दिवसांच्या वर काम चालत नाही. शूटिंग जिथे होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मुलीच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत जायला हवा. अभ्यास बुडू नये याचीही व्यवस्था त्यांनीच करायची. कागदोपत्री ही जबाबदारी निर्मात्याची.

पण दिवसाचा कोणता सीन आधी आणि कोणता शेवटी, यात दिग्दर्शकाचा शब्द चालतो, आणि मुलं त्यातच भरडली जातात. मी चीफ असोसिएट, म्हणजे दिग्दर्शकाचा मुख्य सहायक, असताना एका ज्येष्ठ नटाला लवकर सोडायचं म्हणून आठ वर्षांच्या मुलाचा क्लोजअप आम्ही शेवटी ढकलला. तो लागला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. पोरगं उभ्या उभ्या झोपत होतं. शेड्यूल मीच आखलं होतं. पडद्यावर त्याचे ते जड डोळे फार ‘नॅचरल’ आल्याचं लोक म्हणाले. मला तो सीन अजून नीट बघवत नाही.

म्हणून दिग्दर्शकाला एक प्रश्न जरूर विचारा, “रडायचा सीन असेल तर तिला कसं रडवणार?” ग्लिसरीन, खेळ, सराव असलं काही सांगितलं तर ठीक. “ते आमच्यावर सोडा” म्हणाले तर सेटवर स्वतः हजर राहा, मॉनिटरशेजारी. खोटं सांगून, खेकसून मुलांना रडवणारे मी पाहिले आहेत.

एका चित्रपटाला दोन दिग्दर्शक असले तर भांडणं होत नाहीत का? (पुणे)

होतात, पण सेटवर व्हायला नकोत. युनिटला दोन उत्तरं मिळाली की काम बसलंच. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. ‘संत तुकाराम’ (1936) दामले आणि फत्तेलाल या दोघांचा. प्रभात फिल्म कंपनीत दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तर ‘दोघी’पासून ‘कासव’पर्यंत कितीतरी चित्रपट जोडीने केले.

‘सैराट’च्या शेवटी आवाजच नाहीसा होतो. याचं श्रेय दिग्दर्शकाला की ध्वनीवाल्यांना? (सोलापूर)

अशी सूचना कुणीही करू शकतं. संकलक, ध्वनीवाले, कधी चहा देणारा स्पॉटदादासुद्धा. पण भरलेल्या थिएटरात आवाज पूर्ण काढून टाकायचा, प्रोजेक्टर बिघडला असं प्रेक्षकाला वाटायची जोखीम घ्यायची, यावर ‘हो’ म्हणणारा दिग्दर्शकच. फसलं असतं तर शिव्या नागराज मंजुळे यांनाच पडल्या असत्या. श्रेयाचा हिशेबही तसाच करा.

मला दिग्दर्शक व्हायचंय. एफटीआयआयला जाऊ की कुणाचा सहायक होऊ? (अनेक वाचक)

पुण्यात प्रभातच्या जुन्या जागेत उभ्या असलेल्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, प्रवेश मिळत असेल तर जा. तिथे चुका करायला वेळ मिळतो, बाजारात तो मिळत नाही. नाही मिळाला तर सहायक व्हा, पण काम काय असतं ते ऐकून घ्या. पहिल्या चित्रपटात माझ्याकडे कंटिन्यूइटी होती, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळतंय ना हे बघायचं, जसं नायकाच्या कपातल्या चहाची पातळी. वाइड शॉटमध्ये कप अर्धा होता, क्लोजअपमध्ये काठोकाठ. कुणाच्या लक्षात आलं नाही, संकलकाच्या आलं. त्यानंतर जवळजवळ चार महिने मी त्याच्याच खोलीत बसलो आणि सेटवर कळलं नव्हतं ते तिथे कळलं. सुमित्रा भावे तर समाजकार्यातून आल्या होत्या, कुठल्या फिल्मशाळेतून नाही.

दरम्यान एक करून पाहा. वरचा “जेवलीस का?” चा सीन मोबाइलवर तीनदा चित्रित करा, एकदा आईचा, एकदा मुलीचा, एकदा भावाचा. संवाद तोच ठेवा, घरातलाच दिवा वापरा. भाड्याचे लाइट आणू नका, अर्धी रात्र वायरी शोधण्यात जाते.