एचआयव्हीबद्दलच्या ऑनलाइन सत्रात अवतार वापरले तर लोक मोकळेपणाने विचारतील का?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कामगारांसाठी आणि कॉलेजच्या मुलांसाठी तुम्ही सत्रं घेता, पण कॅमेरा कुणी सुरू करत नाही आणि प्रश्नही कुणी विचारत नाही. म्हणून अवतार, म्हणजे चेहऱ्याऐवजी पडद्यावर दिसणारी चित्रं, वापरावेत का, असं तुम्ही विचारलंय. जरूर वापरा. पण अवताराने फक्त चेहरा झाकला जातो. ओळख फुटते ती दुसरीकडूनच, त्यामुळे आधी तिथला बंदोबस्त करा.

सगळ्यात जास्त घात व्हॉट्सअॅप ग्रुपमुळे होतो. लिंक टाकायला ग्रुप काढला की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि एकाच शिफ्टमधले दोघं एकमेकांना लगेच ओळखतात. म्हणून लिंक ज्याची त्याला वेगळी पाठवा. मेसेजमध्ये आणि मीटिंगच्या नावात ‘एचआयव्ही’ लिहू नका, ‘आरोग्य सत्र’ पुरे. घरात फोन एकाचाच नसतो. दुसरी गोष्ट खात्याच्या नावाची. झूम किंवा मीट स्वतःच्या खात्यातून उघडलं की खरं नाव आणि फोटो सगळ्यांसमोर येतात. लॉगिन न करता, टोपणनाव घालून आत यायला सांगा आणि हे कसं करायचं त्याचा स्क्रीनशॉट लिंकसोबतच पाठवा. तिसरी गोष्ट आवाज. अहिराणी वळणावरून माणूस कुठल्या भागातला ते कळू शकतं. तेव्हा सहभागींचे माइक बंद ठेवा आणि चॅट फक्त होस्टला, म्हणजे सत्र चालवणाऱ्याला, दिसेल अशी सेटिंग करा; ती झूममध्ये आहे. आलेला प्रश्न तुम्ही वाचून दाखवायचा, तोही विचारणाऱ्याचं नाव न घेता.

चेहऱ्यासोबत हलणारा अवतार सहभागींना देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला कॅमेरा लागतो, आणि अवतार बसण्याआधी कॅमेरा सुरू झाला तर खरा चेहरा क्षणभर का होईना दिसतोच. एवढ्यावर त्या माणसाचा विश्वास कायमचा उडतो. शिवाय स्वस्त फोन तापतो आणि डेटाही भरपूर जातो. त्यांना आठ-दहा स्थिर चित्रांतून एक निवडू द्या आणि कॅमेरे बंदच ठेवा. हलता-बोलता अवतार फक्त मार्गदर्शकाचा असावा. त्याची आकृती व्हीरॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये फुकट तयार होते, ती हलवायला मात्र चेहरा टिपणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आवाज मात्र खऱ्या माणसाचाच ठेवा, कारण यांत्रिक आवाज ‘एआरटी’ (एचआयव्हीवरचे औषधोपचार) असे शब्द आणि आकडे वाचताना अडखळू शकतो. ब्लूटूथ इअरफोनमुळे आवाज मागे पडतो आणि ओठ जुळत नाहीत, वायरवाला वापरा.

अवताराला पांढरा कोट नको. घरातल्या ताईसारखा साधा कुर्ता बरा. आणि खंगलेला, डोळे खोल गेलेला ‘रुग्ण’ तर अजिबात दाखवू नका. वेळेवर गोळ्या घेणारा माणूस तसा दिसत नाही, आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. ट्रक ड्रायव्हरलाच रुग्ण दाखवायची सवयही सोडा.

अवतारांचा खरा उपयोग होतो तो सराव करून घ्यायला. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, गेल्यावर काय होतं, याची भीती माहितीपत्रकाने जात नाही, पण तोच प्रसंग दोन अवतारांत घडवला तर जाते. समुपदेशक ताई विचारते, ‘दादा, तपासणीला तुमची संमती आहे ना?’ मग समुपदेशन, रक्त घेणं, निकाल आणि पुन्हा समुपदेशन. पहिल्या किटवर रिअॅक्टिव्ह (लागण असू शकते असा संकेत) आलं तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासून मगच निकाल सांगतात, हे इथे दाखवाच, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. असा एक प्रसंग तीन-चार मिनिटांत संपवा. मध्ये थांबून विचारा, ‘आता दादाने काय विचारावं?’ उत्तरं चॅटवर येऊ लागतात.

उत्तरं देण्याचं काम अवतारामागच्या एआयवर मोकळं सोडू नका. समुपदेशकाने तपासलेली पन्नासेक उत्तरं आधी तयार ठेवा. त्यातलं एक उत्तर सत्र नसतानाही मिळायला हवं: लागणीचा धोका झाला असेल तर पीईपीच्या (लागण टाळण्यासाठीच्या) गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात, त्यासाठी थेट जिल्हा रुग्णालय गाठा. विंडो पीरियडबद्दलही, म्हणजे लागण झाली तरी तपासणीत न दिसण्याच्या काळाबद्दल, स्पष्ट बोला: आज निगेटिव्ह आलं तरी धोक्याला तीन महिने झाल्यावर पुन्हा तपासायचं. शेवटच्या स्क्रीनवर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आणि जवळच्या आयसीटीसीच्या वेळा निदान मिनिटभर ठेवा, म्हणजे लिहून घेता येतील.

रेकॉर्डिंग करू नका. चॅटची फाइल होस्टच्या लॅपटॉपवर आपोआप साठत असेल तर ती सेटिंग बंद करा, आधीची साठलेली फाइलही पुसा. एखाद्याने चॅटमध्ये स्वतःचा एचआयव्ही निकाल लिहिला असेल, तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार त्याच्या संमतीशिवाय तो बाहेर जाता कामा नये.