ग्लोव्हआडचं बोलणं

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित दोन बैठकींत वाचून काढलं. बेसबॉलच्या मेजर लीगमधल्या एकाच संघातला पिचर (चेंडू फेकणारा) आणि कॅचर (तो झेलणारा), आणि त्यांचं प्रेम. विषय पेलवेल तुला. पण त्या शिवराळ कोचवर तू चाळीस पानं घालवलीस. कशाला?

ग्लेन बर्कचं काय झालं ते बघ. 1977 मध्ये तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडून खेळत होता. हाय-फाइव्हची पहिली टाळी त्याच्याच नावावर सांगतात. तो गे असल्याची कुणकुण लागल्यावर व्यवस्थापनाने काय करावं? बर्कच सांगायचा, लग्न कर, मधुचंद्राचा खर्च आम्ही देतो, असं ते म्हणाले. किती प्रेमळ माणसं! 1978 च्या मे महिन्यात त्याची ओकलंडच्या संघात रवानगी झाली.

तुझ्या कादंबरीतही संकट असंच गोड बोलत येऊ दे. जुलै संपत आला की ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडू बदलण्याची, मुदत जवळ येते, आणि एका फोनवर माणूस दुसऱ्या शहरात जातो. आम्हाला एकत्र ठेवा, असं तुझे दोघे कुठल्या तोंडाने म्हणणार? बिली बीन हाही मेजर लीगमधला गे खेळाडू; त्याचा जोडीदार 1995 मध्ये वारला. संघात कुणाला पत्ता नव्हता, आणि बीन अंत्यविधीलाही गेला नाही. तुझ्या 'त्याला अतोनात दुःख झालं'पेक्षा हे जास्त बोलतं, नाही का?

आता माऊंडबद्दल, म्हणजे पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो त्याबद्दल, कारण तुझी खरी प्रेमकथा तिथेच आहे आणि तू ती तीन ओळींत उरकलीस. दोघांमध्ये अठरा मीटरहून थोडं जास्त अंतर. कुठला चेंडू टाकायचा ते सांगायला कॅचर मनगटावरचं बटण दाबतो, पिचरच्या टोपीत आवाज येतो. तरी जमेना, की कॅचर उठून चालत जातो. दोघेही तोंडावर ग्लोव्ह धरतात, प्रतिस्पर्ध्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून. तीस हजार माणसं बघतायत आणि एकालाही ऐकू येत नाही! अशा भेटीही 2024 पासून नऊ डावांत संघाला चारच. चौथी ते कशावर खर्च करतात, ते लिही ना.

आणि पिचरला 'गोलंदाज' म्हणू नकोस, वाचकाला उगाच वानखेडेवर नेऊन बसवतोस. शॉवरचा प्रसंग काढ. कोचला ठेवायचाच असेल तर त्याला सभ्य कर.

दिवाळीआधी माऊंडचं प्रकरण पाठव. फक्त तेवढंच.

तुझा,
काका