भाकरी कधी सुरू करावी?

प्रश्न : यजमानांची वजन कमी करण्यासाठी जठराची स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले आहेत. ते भाकरीचा हट्ट धरतात आणि नुसत्या पातळ अन्नाने अशक्तपणा येईल, असे सासूबाईंना वाटते. काय द्यावे? – एक वाचक, जि. लातूर

उत्तर : ताई, या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग काढलेला असतो आणि टाक्यांची रेषा भरून येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून सध्या अन्न घोटलेले, गुठळी नसलेले आणि बिनतिखट असावे. अशक्तपणा टाळायचा तर भाताच्या पेजेपेक्षा प्रथिनांकडे लक्ष द्यावे. रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे सांगितले जाते आणि केवळ वरणाच्या पाण्यावर ते साधत नाही. त्यामुळे मुगाचे घट्ट वरण रवीने घोटून, त्यात डॉक्टरांनी सुचवलेली प्रथिन पावडर मिसळून, दोन-तीन चमचे सावकाश द्यावे. दही, कुस्करलेले पनीरही चालते. जेवताना पाणी नको. अर्ध्या तासाने घोट घोट द्यावे.

ज्वारीची भाकरी साधारण दोन महिन्यांनी, डॉक्टरांच्या संमतीने, वरणात मऊ कुस्करून सुरू करावी. ठेचा त्याहून पुढे. भेटायला येणारे पेढे आणि उसाचा रस घेऊन येतात. त्यांना दारातच स्पष्ट सांगावे. ब-१२, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पाणीही टिकत नसेल, ताप आला किंवा पोटात तीव्र दुखू लागले, तर त्याच दिवशी शल्यविशारदांना गाठावे.