घरच्या सफरचंदांची साठवण: अख्खी कुठली ठेवायची, फोडी कुठल्या करायच्या

प्रश्न बरेच आलेत पण रडगाणं एकच, झाडाला फळ भरपूर आलं, खोक्यात भरून ठेवलं तर महिन्याभरात निम्मं सुरकुतलं निम्मं सडलं, आणि फ्रीजरमधे टाकलेल्या फोडी काळ्या पडून दगडासारखा गोळा झाला, नंतर शिजवून खायला ठेवायचं तर करायचं काय.

आधी फळं निवडा हो, सगळ्यांना एकच न्याय लावू नका. अख्खं टिकतं ते फक्त उशिरा तयार होणाऱ्या जातीचं, हाताने तोडलेलं, देठासकट असलेलं आणि कुठे डाग नसलेलं फळ. लवकर येणाऱ्या जाती मुळातच टिकत नाहीत. खाली पडलेली, ठेचलेली, किडकी फळं साठवणीत अजिबात नको, ती त्याच आठवड्यात चिरून शिजवायची.

चांगली फळं न धुता एकेक कागदात गुंडाळून क्रेटमधे एकाच थरात लावा. तापमान ० ते ४ अंश आणि हवेत दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास पाहिजे, कोरड्या जागेत सुरकुत्या पडणारच. तेवढी थंड जागा नसेल तर भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बटाटे, गाजरं शेजारी नकोत, सफरचंदातून इथिलीन वायू निघतो त्याने गाजर कडू होतं. दर आठवड्याला क्रेट चाळायचाच, एक नासका आंबा आढी नासवतो तेच इथे. आणि निळसर बुरशी धरलेलं फळ नुसतं तेवढा भाग कापून शिजवायला घेऊ नका, त्यात पॅट्युलिन नावाचं विष असू शकतं आणि ते उकळूनही पुरतं जात नाही, सरळ खड्ड्यात टाका.

आता फोडींचं. चिरल्यावर हवा लागली की त्या काळ्या पडतात म्हणून चिरता चिरताच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकत जा, मग दीड-दोन मिनिटं वाफ द्या, गार करा, फडक्यावर कोरड्या करा आणि ताटात सुट्ट्या पसरून आधी गोठवा. कडक झाल्या की मग पिशवीत भरायच्या, हवा दाबून काढायची, वर तारीख लिहायची. उणे १८ अंशाला वर्षभर चालतात. बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतात, पण शिजवायच्याच आहेत तर बिघडलं काय?

फ्रीजरमधे जागाच नसेल तर वाळवा. अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या, ओव्हन किंवा ड्रायरमधे साधारण ६० अंशाला, चामड्यासारख्या वाकतील आणि फाडल्यावर ओल दिसणार नाही इतपत. बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज हलवा आणि काचेला आतून दव दिसलं तर लगेच काढून परत वाळवत घाला.