जिबूतीसारखा चिमुकला देश इथिओपियाचं बंदर कसा झाला? नुसत्या भूगोलामुळे?

निम्मं उत्तर नकाशात सापडतं, निम्मं नाही.

मी नवी मुंबईत फॉरवर्डिंगच्या, म्हणजे लोकांचा माल परदेशी पाठवून देण्याच्या, धंद्यात आहे. इथिओपियाच्या पार्टीचा माल न्हावाशेवाहून आम्ही जिबूतीलाच पाठवतो. नवखा असताना एकदा बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या कागदावर) 'इथिओपियाकडे ट्रान्झिटमध्ये' ही ओळ घालायची राहिली. कंटेनर तिकडे अडकला, दुरुस्ती होईस्तोवर डेमरेज, म्हणजे अडकलेल्या कंटेनरचं जादा भाडं, चढत राहिलं आणि मी साहेबांची बोलणी खाल्ली. एका ओळीचा एवढा मान का, ते तेव्हा शोधलं.

तांबडा समुद्र बाब-अल-मंदेबच्या जेमतेम 30 किलोमीटरच्या फटीतून बाहेर पडतो आणि तिथून जवळच, ताजुराच्या आखातावर, जिबूती आहे. सुएझची जहाजं अगदी दारावरून जातात. पाठीशी 10 कोटींहून जास्त माणसांचा इथिओपिया, त्याला किनाराच नाही. जिबूतीत स्वतःचं म्हणाल तर बारमाही नदीसुद्धा नाही. माणसं 10 लाखांच्या आसपास.

पण जागाच सगळं ठरवत असती तर आसाब ओस पडलं नसतं! एरिट्रियाचं हे बंदर त्याच सामुद्रधुनीच्या वरच्या अंगाला आहे आणि एकेकाळी इथिओपियाचा बहुतेक माल तिथूनच यायचा. 1993 मध्ये एरिट्रिया वेगळा झाला तरी ते चालू होतं. 1998 मध्ये दोघांचं युद्ध पेटलं आणि सगळा माल जिबूतीकडे वळला. 2018 मध्ये समेट झाला, तरी तो परत फिरला नाही. आज इथिओपियाचा सुमारे 90 टक्के व्यापार जिबूतीतून होतो. थोडक्यात, शेजाऱ्यांच्या भांडणात जिबूतीचं फावलं.

अर्थात जिबूतीकडे तयारीही होती. फ्रेंचांची जुनी रेल्वे 1917 मध्येच अदिस अबाबाला पोचली होती. आता चिनी कंपन्यांनी बांधलेली सुमारे 750 किलोमीटरची विजेवरची लाइन आहे. तरी बराच माल अजून ट्रकनेच जातो, समुद्रसपाटीवरून 2,300 मीटरचा चढ चढत. अमेरिका आणि चीन, दोघांचेही लष्करी तळ याच एवढ्याशा देशात आहेत आणि दोघांकडून भाडं येतं, हे मला तर भलतंच गमतीचं वाटतं.

इथिओपियाला हे एकाच दारावर अवलंबून राहणं खुपतंच. जानेवारी 2024 मध्ये त्याने सोमालियापासून स्वतःला वेगळं म्हणवणाऱ्या सोमालीलँडशी समुद्रापर्यंत वाट मिळवण्याचा करार केला, त्यावर सोमालिया खवळला. आमच्या बुकिंगवर मात्र अजून जिबूतीच येतं.