बालेकिल्ला म्हणजे 'बळकट किल्ला' नव्हे

प्रश्न आलाय की स्विंग स्टेटला, म्हणजे अमेरिकेत कधी या तर कधी त्या पक्षाकडे झुकणाऱ्या राज्याला, मराठीत काय म्हणायचं, आणि त्याच्या उलट 'बालेकिल्ला' चालेल का. उलट शब्द आधी घेतो, कारण अमेरिकेतली निवडणूक आली की हा शब्द जिथेतिथे फेकलेला ऐकून डोकं उठतं. 2016 ला मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ट्रम्पकडे गेले तेव्हा 'डेमोक्रॅट्सचे बालेकिल्ले ढासळले' असं किती जणांनी लिहिलं! अहो, ते बालेकिल्ले होते कधी? 1992 पासून सलग सहा वेळा डेमोक्रॅट जिंकले हे खरं, पण 1980, 84, 88 तिन्ही वेळा दोन्ही राज्यं रिपब्लिकनांकडेच होती की.

फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, काबूलचा बालाहिसार म्हणजे वरचा कोट, तसा बालेकिल्ला म्हणजे गडाच्या माथ्यावरचा, किल्ल्याच्या आतला किल्ला. जे 'बल'वरून 'बळकट किल्ला' अशी व्युत्पत्ती सांगतात, आणि त्यात चांगले जाणते लोकही आहेत, त्यांनी एकदा राजगड चढून यावं. खाली तिन्ही माच्या पडल्या तरी शेवटी जिथून लढायचं ती जागा वर दिसते, मग बळाची गोष्ट करा.

म्हणून माझं ठाम म्हणणं, बाकी सगळा गड पडला तरी जे टिकतं त्यालाच बालेकिल्ला म्हणा. 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं घेतली, रिपब्लिकनांकडे उरली फक्त मेन आणि व्हरमाँट. हा बालेकिल्ला! व्हरमाँट 1856 पासून 1960 पर्यंत एकदाही हललं नव्हतं, आणि आज तेच 1992 पासून दर वेळी डेमोक्रॅट्सना मत देतंय. तसंच 1984 ला रिपब्लिकन रेगननी 49 राज्यं मारली, समोरच्या डेमोक्रॅट मॉन्डेलकडे राज्य म्हणून फक्त त्यांचं स्वतःचं मिनेसोटा राहिलं, तेही चार हजारांहून कमी मतांनी. दक्षिणेतल्या जॉर्जियाचं उलटं, पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅट असलेलं हे राज्य वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या वर्षी, 1964 ला, पहिल्यांदा रिपब्लिकन गोल्डवॉटरकडे गेलं. ढासळणं म्हणतात ते याला.

हां, स्विंग स्टेट. 'दोलायमान राज्य' नको, बोलताना जीभ अडखळते. मी 'काठावरचं राज्य' म्हणतो, काठावर पास होतात ना तसं. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन 2016 ला ट्रम्प, 2020 ला बायडेन, 2024 ला परत ट्रम्प, आणि प्रत्येक वेळी थोडक्यात.