ढेकणांसाठी शेतातलं औषध घरात मारलं, आता काय?

तिसरा महिना चालू आहे, मालकांनी कपाशीचं उरलेलं क्लोरपायरीफॉस बाजेला आणि गादीला मारलं, तू दोन रात्री त्यावरच निजलीस. बाळाला काही होईल का, असं विचारलंस. दोन रात्रींवरून बाळाचं बिघडलंच असं कुणीच सांगू शकत नाही. घाबरून भलतंसलतं ठरवू नकोस. पण बाटलीवरच्या लेबलचा फोटो डॉक्टरीणबाईंना दाखव. आपल्याकडं बायका मालकाला बोल लागेल म्हणून हे लपवतात. मीही लपवलं होतं.

मला काळजी त्या दोन रात्रींची नाही, पुढच्या सहा महिन्यांची आहे. रानात ऊन-पावसानं औषध विरतं. घरात ना ऊन, ना पाऊस; ते कापसाच्या गादीत, फटीत, धुळीत बसून राहतं. अमेरिकेत हेच औषध घरात वापरणं 2001 च्या सुमारास बंद केलं. न्यूयॉर्कच्या अभ्यासात ज्या बाळांच्या नाळेच्या रक्तात ते जास्त सापडलं, त्यांचं जन्मवजन कमी भरलं होतं. बंदीनंतर जन्मलेल्यांत रक्तातलं प्रमाण घटलं आणि तसा फरकही दिसला नाही. म्हणजे थांबवलं की फायदा होतो.

तेव्हा गादी टाकूनच द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. बाज साबणानं दुसऱ्यानं धुवावी, तू त्या खोलीत जाऊ नकोस. झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ढेकणांना सुतळीत न् सांध्यांत उकळतं पाणी ओतलं की पुरे. ते भांडंही तू उचलायचं नाही. मच्छरदाणी मात्र लाव, डास चावू देणंही परवडणारं नाही.

फवारणीचे कपडे ओसरीबाहेरच उतरवायला सांग. वेगळ्या बादलीत, तुझ्याशिवाय कुणीतरी धुवावेत.

आणि सासूबाईंना विचार, ज्वारीच्या कोठीत गोळ्या ठेवल्यात का? त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील तर ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो. दार लावलेल्या खोलीत तो जीवच घेतो, मग पोटुशी असो की नसो. सडक्या माशासारखा किंवा लसणासारखा वास आला तर सगळ्यांनी बाहेर पडा, गोळ्यांना हात लावू नका. धान्य वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवता येतं.

कपाशीच्या त्या औषधाची विषबाधा ओळखायच्या खुणा अशा: लाळ सुटणं, खूप घाम, ओकाऱ्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, धाप लागणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता 108 ला फोन करा.

कोठी कोणत्या खोलीत आहे, तेवढं आजच कळव.